घरातली जागा कुणाच्या सामानाची?

(कारंजा (घाडगे) येथे बचत गटांतील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय तुमच्याच गटांनी सुचवला आहे. घरात सामान ठेवण्याच्या जागेचा चांगला वापर कसा करावा, हा तो विषय. फळ्यावर तो लिहिला तेव्हा मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या. मजुरी, मारहाण, रेशन, वारसाहक्क यांवर बोलणारी बाई आज डबे कसे लावायचे ते सांगणार, असे त्यांना वाटले असावे. डबे कसे लावायचे हे मी तुम्हाला काय सांगणार? दोन खोल्यांच्या घरात सात माणसे, वर्षाची ज्वारी, शिलाई मशीन, पोरांची दप्तरे, पेरणीचे बियाणे आणि पाहुण्यांची गादी एवढे सारे बसवणाऱ्या बायका माझ्यासमोर बसल्या आहेत. तेव्हा नीटनेटकेपणाचे धडे मी देणार नाही. नीटनेटके घर हे चांगल्या बाईचे लक्षण, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून पुरेशी मिळालेली आहे.

घरात जागा कमी पडते हे खरे. पण ती कुणाला कमी पडते? कोणती वस्तू कुठे ठेवायची हे कोण ठरवते? ती रचण्याचे, उचलण्याचे, झाडण्याचे काम कोण करते आणि त्यापायी कुणाची कंबर जाते, कुणाची झोप जाते? हे प्रश्न विचारले की जागेचा चांगला वापर म्हणजे काय, याचे उत्तर वेगळे येऊ लागते. मला त्याविषयी बोलायचे आहे.

गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या गावांत फिरताना मी बायकांना एकच प्रश्न विचारत होते. तुमच्या घरात फक्त तुमचे सामान ठेवायची जागा कोणती? बहुतेकींना आधी प्रश्नच कळेना. “सारं घरच माहं हाय न बाई,” असे एकीने म्हटले. मग थोडा विचार करून म्हणाली, “चुलीच्या मांगं कोनाडा हाय. तिथं तंबाखूची डबी ठेवतो मी.” दुसरी म्हणाली, माहेराहून आणलेली पत्र्याची पेटी होती, तिच्यात आता सोयाबीनचे बियाणे आहे. तिसरी म्हणाली, “जागा म्हणसान तं झोपतो तेवढी.” आणि तिची शेजारीण लगेच म्हणाली, “तेही कापूस घरात ये लोक!”

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहिले की बाईला लिहायचे असेल तर तिला स्वतःची खोली हवी. ते पुस्तक जगभर गाजले. आपण इथे अजून स्वतःच्या कोनाड्यापर्यंतच आलो आहोत, आणि त्यातही अर्धी जागा कुणाच्या तरी दाढीच्या सामानाने व्यापलेली असते. असो.

शेजारणीने काढलेला विषयच आधी घेऊ. कापूस. दसऱ्याच्या आसपास आपल्याकडे वेचणी सुरू होते आणि दिवाळीनंतर घरात ढीग लागायला लागतो. पहिल्यांदा कोपरा जातो, मग भिंत जाते, मग खोली जाते. ज्या घराला दोनच खोल्या आहेत तिथे एकीत कापूस आणि दुसरीत माणसे, भांडी, चूल, देव आणि अभ्यासाला बसलेली पोर. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि कापूस थोपवून धरायचे दिवसही तेच.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला. भाव आला नाही. तो सात-आठ हजारांच्या आसपास राहिला आणि कित्येकांनी २०२३ च्या मे-जूनमध्ये, पेरणी तोंडावर आल्यावर, नाइलाजाने विकला. त्या उन्हाळ्यात घराघरांतून अंगाला खाज सुटल्याच्या, पुरळ आल्याच्या तक्रारी येत होत्या. वर्तमानपत्रांतही त्या छापून आल्या. साठवलेल्या कापसातली धूळ आणि किडे यांचा त्रास सगळ्यांनाच होतो. पण पुरुष ओसरीवर किंवा शेतात झोपू शकतो. नवी सून, वयात आलेली मुलगी, बाळंतीण यांना ओसरीवर झोपायची मुभा नसते. त्या कापसापाशीच झोपतात.

कापूस घरात ठेवणे चूक, असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याने भावासाठी थांबू नये असे सांगणारे व्यापारी पुष्कळ आहेत, त्यांच्यात मला सामील व्हायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की घरात ठेवला म्हणजे गोदामाचे भाडे वाचले, हा हिशेब अर्धवट आहे. भाडे वाचत नाही. ते बाई आणि पोरे भरतात, झोपेतून, कातडीतून आणि अभ्यासातून. वेचणी बहुतेक ठिकाणी बायकांची, ओझे आणणे बायकांचे, ढीग सारखा करणे बायकांचे. विकायचा कधी, हे मात्र त्या ऐकतात तेव्हा गाडी दारात लागलेली असते. म्हणून जागेबद्दल बोलायचे तर पहिली गोष्ट ही की किती दिवस ठेवायचा, हे कापूस घरात येण्याआधीच दोघांनी बसून ठरवावे. “संक्रांतीपर्यंत ही खोली देते, त्यानंतर अर्धा तरी विकायचा,” असे म्हणता आले पाहिजे. एका गावात एका बाईने मुलीच्या परीक्षेची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आणि त्याच पानावर कापूस विकायची तारीख नवऱ्याकडून लिहून घेतली. तो हसला, पण त्याने लिहिली.

ठेवायचाच असेल तर काही गोष्टी सांभाळा. ज्या खोलीत चूल आहे, तिथे कापूस नको म्हणजे नकोच. उघड्या वायरी आणि लटकते बोर्ड ढिगाच्या मागे दाबले जातात आणि ठिणगी पडली तर कळायच्या आत खोली पेटते. म्हणून बोर्डापासून ढीग लांब ठेवा, आणि दाराकडे जाणारी वाट कधीही भरू देऊ नका. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच ढिगात टाकू नका, आधी उन्हात वाळवा. ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरतात, त्याहून जास्त भरला तर पैसे कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर घेतच नाहीत. कवडी वेगळी ठेवा. खाली ताडपत्री घाला.

सोयाबीन, तूर, हरभरा यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते घरातच ठेवले पाहिजे असे नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते, मुदत सहा महिने. माल आपलाच राहतो, पैसा हातात येतो आणि खोली मोकळी होते. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, गोदामात जागा आहे का, हे गटाने जाऊन विचारावे. एकट्या बाईला कारकून नवऱ्याला पाठवायला सांगतो. दहा जणी गेल्या की खुर्च्या मागवतो.

आता ज्या सामानाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्याकडे येते. फवारणीची औषधे. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा सगळी चर्चा शेतातल्या फवारणीची झाली. मास्क, हातमोजे, पंप. फवारणी संपल्यावर उरलेली बाटली कुठे जाते, याची चर्चा फारशी झाली नाही. मी घरांत पाहिली आहे. दाराच्या वरच्या फळीवर, खाटेखाली, मिठाच्या बरणीच्या शेजारी, देवळीत. रिकामा डबा धुऊन त्यात डाळ भरलेलीही पाहिली आहे. तो डबा दहादा धुतला तरी घरात वापरायचा नाही. भोके पाडा, चेपून टाका.

दुसरी बाजू बोलायला जड आहे, पण या सभेत ती बोललीच पाहिजे. रागाच्या, अपमानाच्या, कर्जाच्या एखाद्या रात्री हाताशी बाटली असणे आणि नसणे यात माणसाच्या जिवाचा फरक पडतो. ती वेळ बहुधा टळून जाणारी असते, पण विष पोटात गेल्यावर ती टळत नाही. शेतकरी आत्महत्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष येतो. पण विष घेणाऱ्या बायकाही आहेत, आणि ज्या बाईच्या नावावर जमीन नाही तिची मोजणी शेतकऱ्यांत होत नाही. सरकारी तक्त्यात ती ‘गृहिणी’च्या रकान्यात जाते.

मग बाटली कुलपात ठेवली तर? श्रीलंकेत याचा मोठा प्रयोग झाला. १८० गावांत अर्ध्या गावांतल्या शेतकरी घरांना कुलूप लावता येणारी पेटी दिली गेली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे की विष घेण्याच्या प्रमाणात त्याने फरक पडल्याचे दिसले नाही. फरक पडला तो त्याच देशात सर्वांत घातक औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्याने. १९९५ नंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. याचा अर्थ कुलूप लावू नका असा नाही. लहान पोरांसाठी कुलूप हवेच. पण घरातली पेटी आणि घरातलीच किल्ली एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत वेगळी गोष्ट करून पाहिली. गावात एक सामायिक खोली, तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा कुलूपबंद कप्पा. फवारणीच्या दिवशी काढायचे, संध्याकाळी परत ठेवायचे. प्रयोग लहान होता, पण लोकांनी तो वापरला.

आपल्या गावांतून अशी खोली उभी राहू शकते का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे. तोपर्यंत लागेल तेवढेच आणा, उधारीवर पेटीच्या पेटी घरात भरू नका, आणि जी काही आहे ती राहत्या घरात नको. कोठ्याजवळ, शेतातल्या खोलीत, कुलपात ठेवा. घरात कुणी फार गप्प झाले असेल, जेवण सोडले असेल, तर जागा बदलण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी बाटली शेजारच्या घरी नेऊन द्या आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

(इथे सभेत बराच वेळ शांतता होती. एका मावशींनी पाणी मागितले. मग एकीने विचारले, “पऱ्हाट्याचं काय कराव?”)

चांगले विचारलेत. पऱ्हाटी ही घराबाहेरची साठवण, पण ती पूर्ण बाईची साठवण आहे. कापूस निघाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या, उन्हाळ्यात गोवऱ्या. सांदवाडीत रचलेला तो ढीग म्हणजे पावसाळ्यातला स्वयंपाक. कृषी खाते सांगते की पऱ्हाट्या घराशेजारी किंवा बांधावर रचून पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका, कारण गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते. त्यांचे म्हणणे खरे आहे. २०१७-१८ मध्ये बोंडअळीने काय केले ते आपण भोगले. पण हे सांगणाऱ्याने बाईला विचारले पाहिजे की मग चूल कशावर पेटवू? बोरच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत सरपणाला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, शेगडी आली, सिलिंडर आले. पुन्हा भरायला पैसे नसले की तेच सिलिंडर कोपऱ्यात उभे राहते, त्यावर धुतलेले कापड घालून टेबल करतात. तेही एक सामानच झाले, जागा अडवणारे.

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. पऱ्हाट्या आधी जाळा, उन्हाळ्यातच संपवा आणि पावसाळ्यासाठी तुराट्या, गोवऱ्या, बाभळीचे लाकूड राखून ठेवा. म्हणजे क्रम उलटा करायचा. बोंडे, कवडी लटकलेल्या पऱ्हाट्या घरी आणूच नका. ढीग भिंतीला टेकवू नका, खाली दगड ठेवून वर उचला. विंचू-साप ढिगाखालच्या ओलाव्यात बसतात आणि अंधारात हात बाईचाच जातो.

धान्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, म्हणून लवकर आटोपते. कणग्या, ढोल्या गेल्या आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या, ते बरेच झाले. कोठीत घालण्याआधी दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. पोती असतील तर खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर. मुगाला, तुरीला राख चोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे हे आपल्या आज्यांचे उपाय चांगले आहेत. पण दुकानातून आणून धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या खोलीत कधीही वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. माणसे झोपतात त्या खोलीत ती गोळी म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता एक अशी साठवण, जिच्याबद्दल आपण आपसांतही बोलत नाही. पाळीचे कापड. ते कुठे ठेवता, असे विचारले की बायका आधी दाराकडे पाहतात. कोठ्याच्या छपरात खोचलेले, न्हाणीतल्या दगडामागे, तट्ट्याच्या फटीत, जिथे कुणी पाहणार नाही आणि ऊनही पोहोचणार नाही. घरात आठवड्यातून एकदा वापरायच्या परातीला खिळा असतो, आणि दर महिन्याला लागणाऱ्या कापडाला जागा नसते. ओलसर, दमट कापड पुन्हा वापरले की खाज, पुरळ आणि जंतुसंसर्ग होतो. कापड साबणाने धुवा, उघड्या उन्हात दोरीवर वाळवा आणि कोरड्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. वर दुसरे कापड पांघरून वाळवले तर ऊन लागत नाही. लाज वाटते, ते मला समजते. पण दोरीवर साऱ्या घराचे कपडे वाळतात, त्यात हे एक कापड. ज्यांच्या घरात मुली वयात येत आहेत त्यांनी त्यांना पिशवीसकट एक खुंटी नेमून द्यावी. मुलीला घरात स्वतःची म्हणून मिळालेली ती पहिली जागा असेल.

खुंटीवरून कपाटाकडे येते. आपल्याकडे मारहाणीची, घराबाहेर काढल्याची जी प्रकरणे येतात त्यांत पहिल्या दिवशी मी कागद विचारते. आधार, रेशनकार्ड, लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पुस्तक. उत्तर ठरलेले असते. “त्याहीच्या कपाटात.” एक बाई दोन लेकरांना घेऊन रात्री निघाली होती. अंगावरचे लुगडे आणि धाकट्याची दुधाची बाटली एवढेच बरोबर. मुलांना शाळेत घालायला दाखले नाहीत, दाखल्यासाठी अर्ज करायला ओळखपत्र नाही, ओळखपत्राच्या नकलेसाठी ज्या मोबाइलवर आकडा येतो तो नवऱ्याकडे. तीन महिने आम्ही या कचेरीतून त्या कचेरीत फिरलो. ती सारखी म्हणायची, “कपाट माह्याच बापानं देल्लं होतं.”

आणि ते खरे होते. लग्नात बापाने दिलेल्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली जावयाच्या खिशात. कपाट, भांडी, दागिने हे सारे स्त्रीधन. प्रतिभा रानी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की स्त्रीधन ही बाईची पूर्ण मालकीची मालमत्ता आहे. ते सासरच्या घरात, सासरच्यांच्या ताब्यात ठेवले म्हणून त्यांचे किंवा सामायिक होत नाही. ते सांभाळायला दिलेले असते, आणि मागितल्यावर परत द्यावे लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर कलम १९ खाली दंडाधिकारी स्त्रीधन आणि तिची इतर वस्तू, मौल्यवान कागद परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पण आदेश मिळवायला काय काय होते ते सांगता यावे लागते. लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करून ठेवावी, असा नियमही १९८५ पासून आहे. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. किती जणींनी केली? हात वर करा. (दोन हात वर झाले.) बाकीच्यांनी आता केली तरी चालेल. आठवेल तसे लिहा, भावाला, मामाला विचारा, जुने फोटो पाहा.

तेव्हा घर आवरायला काढाल तेव्हा डब्यांच्या आधी कागद आवरा. प्लास्टिकची एक जाड पिशवी घ्या. तिच्यात आपले आधार, रेशनकार्डाची नक्कल, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, घरपट्टीची पावती, आजारपणाचे कागद. मूळ मिळत नसेल तर झेरॉक्स. दुसरा संच घराबाहेर ठेवा, बहिणीकडे किंवा माहेरी. मोबाइल स्वतःचा असेल तर डिजिलॉकर उघडून घ्या, पण आधारला जोडलेला नंबर आपला आहे का ते आधी पाहा. ज्या घरात चांगले चालले आहे तिथेही हे करा. पिशवी तयार ठेवणे म्हणजे घर मोडायला निघणे नव्हे. नवरा अचानक गेला तर विम्याचे, बँकेचे, जमिनीचे कागद कुठे आहेत हे ठाऊक नसलेल्या विधवाही आमच्याकडे येतात. त्यातल्या कित्येकींचा संसार चांगलाच होता. घरपट्टीची पावती हातात आलीच आहे तर तिच्यावर नाव कुणाचे आहे तेही वाचा.

शेवटचे घरकुलाबद्दल. इथे बसलेल्यांपैकी काहींची घरकुले मंजूर झाली आहेत, कुणाचे प्रधानमंत्री आवासमधून, कुणाचे रमाई, कुणाचे शबरीमधून. प्रधानमंत्री आवासच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. यात झोपणारे कुटुंब धरले आहे. त्या कुटुंबाचा कापूस, कोठी, पंप, पऱ्हाट्या धरलेल्या नाहीत. म्हणजे ती जागा आपण बांधतानाच काढावी लागेल. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदाराने नव्हे, आणि घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होते. नाव असेल तर गवंड्याशी बोलायचा अधिकारही आहे. आपल्या जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध लहान घर, सेवाग्रामची बापूकुटी, मीराबेननी स्वतःसाठी बांधून घेतली होती, तेही माती आणि बांबूत. बाईला बांधकामातले काय कळते, असे कुणी म्हणाले तर त्याला एकदा तिकडे नेऊन आणा.

गवंड्याशी काय बोलायचे? भिंत चढत असतानाच कोनाडे आणि देवळ्या ठेवायला सांगा, नंतर फोडून होत नाहीत. दाराच्या उंचीवर एका बाजूला पूर्ण लांबीचा माळा काढा, पण तिथे जड सामान नको. कोठी आणि गुंड खालीच बरे, गुडघा आणि खांदा यांच्या मध्ये जे बसेल ते रोजचे. ओट्याखाली जागा मोकळी ठेवा. खिडकीसमोर कोठी येणार नाही हे आधीच पाहा, नाहीतर उजेड पहिल्याच वर्षी बंद होतो. समोरच्या भिंतीवरची सर्वांत सोयीची फळी रुखवताच्या स्टीलच्या भांड्यांना देऊ नका. ती भांडी वर्षातून दोनदा निघतात आणि रोजची कढई मात्र जमिनीवर. आणि एक फळी, कुलूप लागणारी, स्वतःच्या नावाची. किल्ली स्वतःजवळ.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उंची. गवंडी फळीची उंची आपल्या हाताने मोजतो. त्याचा हात तुमच्यापेक्षा लांब असतो. मग जन्मभर तुम्ही पाटावर चढून डबा काढता. त्याला सांगा, माझा हात धर आणि मोज. आता चहा येईल. ज्यांच्या घरकुलाचा पाया अजून भरायचा आहे त्यांनी चहानंतर थांबावे. मी टेप आणली आहे, खडूही आहे. या सभागृहाच्या फरशीवरच २५ चौरस मीटर आखू आणि एकेकीचे घर त्यात मांडून पाहू.